आधी रिकामं, मग झाकण

भाचेबाई, आतड्याला कुलूप लावायचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. कोलोस्टॉमीसाठी काहीतरी नवं बनवायचंय म्हणून जी हुशार मुलं वॉर्डात यायची, त्यातल्या बहुतेकांच्या वहीत पहिलं चित्र झडपेचंच असायचं. पोटावर आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, आहे, त्यातून मळ येतो, तर तोंडाला झडप बसवा, बटण दाबलं की उघडेल. मी त्यांना चहा पाजायचे आणि विचारायचे, "बाबा रे, आतून जो ढकलतोय त्याची परवानगी घेतलीस का?"

तू उपकरणं बनवायच्या कामाला लागलीस हे ताईनं फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. अभ्यास तुझा झालेलाच आहे, तो मी काय शिकवणार! पण स्टोमा सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी लोकांची पोटं बघण्यात गेली. पुस्तकात सापडत नाही असं काही माझ्यापाशी आहे, ते तुझ्या कानावर घालते.

माणसाचं नेमकं काय गेलंय, ते आधी समजून घे. गुदाशयाचा कॅन्सर झाला, गुदद्वारासकट तो भाग काढला आणि मोठ्या आतड्याचं टोक डाव्या बाजूला पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून कातडीला शिवलं. सगळे म्हणतात, ताबा गेला. पण ताबा म्हणजे काही नुसता आवळून धरणारा स्नायू नव्हे. गुदाशय गेला म्हणजे साठवायची जागा गेली. आणि आलाय तो वारा की मळ, हे ओळखणारी गुदद्वाराजवळची जाणीवही गेली. भरल्या पंगतीत आपण बिनधास्त बसतो ते या जाणिवेच्या भरवशावर, आणि ती जाईपर्यंत कुणाला तिची आठवणही होत नाही. स्टोमाला यातलं काहीच नाही. आतडं आवळलं की जे असेल ते बाहेर. तू नुसती झडप केलीस तर तिघांतल्या एकाचीच भरपाई केलीस. साठा कुठे राहणार आणि खबर कोण देणार, हे चित्रात नसेल तर ते चित्र अर्धवट आहे.

स्टोमा स्टोमातही फरक असतो. डाव्या बाजूच्या सिग्मॉइड कोलोस्टॉमीपर्यंत मळ पोहोचतो तोवर आतड्यानं बरंचसं पाणी शोषलेलं असतं, म्हणून तो बांधलेला येतो. आडव्या आतड्यावरची कोलोस्टॉमी असेल तर सैलसर. आणि इलिओस्टॉमी म्हणजे लहान आतड्याचं तोंड, ते दिवसभर पातळ वाहत राहतं, शिवाय त्यातले पाचकरस कातडी जाळतात. तुझं साधन यातल्या कुणासाठी, ते पहिल्याच पानावर लिही. "सर्व स्टोमाधारकांसाठी उपयुक्त" असं दिसलं की मी पुढचं पान उलटत नसे.

आता दाबाचं गणित बघ, ते तुझ्या आवडीचं. सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधला दाब साधारण ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. बाहेरून त्याहून जास्त दाब धरून ठेवलास की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि ऊती मरायला लागतात. उलट सकाळचा चहा पोटात गेल्यावर किंवा जेवणानंतर मोठं आतडं जोराची लाट मारतं, तेव्हा आतला दाब १०० च्याही वर जाऊ शकतो. आतून शंभरानं ढकलणार आणि तू बाहेरून तिसाच्या आत धरणार! ताकदीची ही लढाई तू हरलेली आहेस, चांगलं मटेरियल आणून ती जिंकता येत नाही.

त्यात आणखी एक पेच असा की स्टोमाला दुखत नाही. आतड्याच्या अस्तराला आपल्या कातडीसारख्या वेदनेच्या नसा नसतात. नख लागलं, प्लास्टिकची कड रुतली, तरी माणसाला पत्ता नाही. आंघोळीच्या वेळी रक्त दिसतं तेव्हा कळतं. म्हणजे तुझं साधन चुकीचं दाबत असेल तर रुग्ण ओरडून सांगणार नाही. रंगच बघावा लागतो. लाल आणि ओलसर असेल तर ठीक. जांभळा पडला, काळवंडला, तर साधन काढायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. ज्याच्या खालचा स्टोमा दिसत नाही आणि जे एका हातानं झटकन निघत नाही, असं काही माझ्यासमोर आणू नकोस. थरथरत्या हाताच्या सत्तर वर्षांच्या आजोबांनी ते अंधारात काढून दाखवलं पाहिजे.

मग करायचं काय? आतून ढकलायला काही उरणारच नाही अशी सोय करायची. आधी आतडं रिकामं करायचं, मग झाकायचं. माझा मंत्र एवढाच. हे काही माझं डोकं नाही हो, जुनीच विद्या आहे. कोलोस्टॉमीतून पाणी घालून आतडं धुऊन काढायची पद्धत, जिला आम्ही इरिगेशन म्हणतो, ती जवळपास शंभर वर्षांपासून चालत आलीय. पिण्याजोगं पाणी, कारण मोठं आतडं त्यातलं थोडं शोषून घेतं. नळाच्या पाण्याचा भरवसा नसेल तर उकळून घ्यायचं. अंगाला लागेल इतपत कोमट, अर्धा ते एक लिटर. पाण्याची पिशवी बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर टांगायची. स्टोमाच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचं मऊ टोक धरायचं आणि पाच-दहा मिनिटांत हळूहळू पाणी सोडायचं. पोटात कळ आली तर नळी चिमटीत धरून थांबायचं, कळ ओसरली की पुढे. पहिला मोठा लोट लवकर येतो, उरलेलं अर्ध्या-पाऊण तासात. आणि मग बहुतेकांना पुढचे चोवीस तास, काहींना अठ्ठेचाळीस तास, काही येत नाही. वारा तेवढा येतो.

आमच्या ओळखीचे एक मास्तर होते. न्हाणीघरात त्यांनी भिंतीवर दोन खिळे ठोकून घेतले होते. वरचा उभं राहून टॉवेल अडकवायचा, खालचा पाण्याच्या पिशवीचा, स्टुलावर बसल्यावर खांद्याशी येईल असा नेमका. लांब प्लास्टिकची बाही स्टोमाला लावून तिचं खालचं तोंड कमोडमध्ये सोडायचे आणि पेपर वाचत बसायचे. अग्रलेखापर्यंत आले की काम झालेलं असायचं. मग वर एक छोटीशी टोपी चिकटवून शाळेत. मळ साठवायची पिशवी वापरतच नसत. शाळेत कुणाला कळलंही नाही.

तुला वाटेल, एवढं सोपं आहे तर सगळेच का करत नाहीत? ह्या प्रश्नावर खरं तर तुझ्या पुढच्या दहा वर्षांचं काम उभं आहे. पहिलं म्हणजे रोज तासभर संडास अडवायचा. चाळीतल्या सामाईक संडासात पाच मिनिटं झाली की बाहेरून कडी वाजते. दुसरं, ज्या गावात टँकर आठवड्यानं येतो तिथे आतडं धुवायला लिटरभर गाळलेलं, उकळलेलं पाणी कोण देणार? तिसरं, सगळ्यांना ते चालत नाही. केमो, रेडिएशन चालू असताना नको, जुलाब होत असतील तर नको, स्टोमाशेजारी हर्निया असेल किंवा आतडं बाहेर घसरलं असेल तर नको. हृदयाच्या, किडनीच्या दुखणेकऱ्यांना डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि इलिओस्टॉमीला त्याचा उपयोगच नाही. चौथं कारण सांगायला मला लाज वाटते, पण शिकवायला कुणी बसत नाही. बसवून, हाताला धरून, अनेकदा करून घ्यावं लागतं, आणि अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. घरी जायच्या दिवशी दहा मिनिटांत उरकण्यासारखं ते नव्हे. कमी पाण्यात, कमी वेळात, कमोड नसलेल्या घरात इरिगेशन करता येईल असा संच कुणी केला तर मी त्याच्यावरून दहा झडपा ओवाळून टाकीन.

आता आधीच्यांनी काय काय केलंय ते वाच. वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू नकोस. १९७५ च्या सुमारास जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी स्टोमाभोवती कातडीखाली चुंबकाचं कडं बसवलं आणि वरून चुंबकाचं झाकण. टक्कन बसायचं. जगभर बोलबाला झाला. पण जिथून रोज मळ जातो त्याला खेटून परकी वस्तू पुरायची म्हणजे जंतूंना आवतणच. जखमा चिघळल्या, कातडी झिजून कडं वर आलं, आणि कितीतरी जणांचं काढून टाकावं लागलं. त्याआधी १९६९ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या निल्स कॉक या सर्जननं लहान आतड्याचीच आतल्या आत थैली करून दाखवली, पुढे तिला आतड्याचीच झडपही केली. रुग्ण नळी घालून दिवसातून काही वेळा रिकामी करतो. ती इलिओस्टॉमीवाल्यांसाठी. कल्पना फार देखणी, पण ती झडप जागेवरून सरकते आणि पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं, ही तिची मोठी अडचण ठरली. अलीकडे नॉर्वेकडच्या एका कंपनीनं पोटाच्या भिंतीत टायटॅनियमची नळी रोवून तिला झाकण लावायचा मार्ग धरलाय, तोही इलिओस्टॉमीसाठीच. शरीरात काही पुरायचं असेल तर हे सगळं डोळ्यांसमोर ठेव.

न पुरणाऱ्यांमध्ये प्लग आला. डेन्मार्कच्या सर्जन मंडळींनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो मांडला. फोमची दाबून बारीक केलेली गुंडाळी, वर पाण्यात विरघळणारं पातळ आवरण. स्टोमात सरकवली की ओलाव्यानं आवरण विरघळतं, फोम आत फुगतो आणि मळ अडवतो. वाऱ्यासाठी कोळशाची गाळणी. इरिगेशन करून मग प्लग घातला तर फार छान चालतो. न धुता घातला तर आतडं कधीतरी त्याला बाहेर फेकतंच. नंतर 'व्हिटाला' नावाचं एक साधन निघालं. त्यात आत काही घालायचं नव्हतं. स्टोमावर हवेनं फुगलेली मऊ उशी बेतानं टेकायची आणि दिवसातून बारा तासांपर्यंत वापरायची. मला ही दिशा जास्त पटते. दाब थोडा, वेळ ठरलेली, आणि आतून जोर आलाच तर त्याला वाट देणारी.

वेळ ठरलेली, हे ध्यानात घे. लोकांना चोवीस तासांचा ताबा नकोच असतो गं. त्यांना तास हवे असतात. मुलीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंतचा तास, विरार लोकलमधला दीड तास, परीक्षेच्या पेपरचे तीन, नवऱ्याशेजारी झोपायची रात्र. "मला रोज नको सिस्टर, सत्यनारायणाला पाटावर बसता आलं म्हणजे झालं," असं एक बाई म्हणाल्या होत्या. हे कुठल्याही प्रश्नावलीत सापडणार नाही. तुझं साधन किती तासांचं आहे ते आधी ठरव आणि ते तास संपायच्या आत त्या माणसाला कळेल अशी काही सूचना दे. अचानक फुटणाऱ्या बारा तासांपेक्षा शब्दाला जागणारे चार तास बरे.

रुग्णाशी बोलायला शीक. "काही त्रास होतो का?" असं विचारलंस तर "नाही, बरं आहे" असं उत्तर येईल, विशेषतः शेजारी सून उभी असेल तर. त्यापेक्षा शेवटच्या कुठल्या लग्नाला गेला होतात ते विचार. रात्री कोणत्या कुशीवर झोपता? पाहुण्यांकडे गेलात तर पिशवी कुठे रिकामी करता, आणि वापरलेली कुठे टाकता? बायकांना एकटीला गाठून विचार. नवऱ्यासमोर त्या पलंगाविषयी एक शब्द बोलणार नाहीत. आणि कीव करू नकोस. ती लोकांना पाच पावलांवरून कळते.

आता कपडे आणि जमीन. परदेशातली बरीचशी साधनं खुर्चीत बसणाऱ्या, पँट घालणाऱ्या माणसाच्या पोटावर बेतलेली असतात. आपल्याकडे मांडी घालून बसलं की पोटाला घडी पडते, आणि ती घडी नेमकी पिशवी पोटाला चिकटवणाऱ्या चकतीच्या कडेवर येते. उकिडवं बसलं की मांडी वर येऊन पिशवीला भिडते. परकराची नाडी कमरेवर जिथे आवळतात तिथेच बऱ्याच बायकांचा स्टोमा असतो. म्हणून तर आम्ही ऑपरेशनच्या आधी रुग्णाला उभं करून, आडवं करून, मांडी घालून, वाकवून बघायचो आणि नाडीची जागा चुकवून पेनानं खूण करायचो. नऊवारीवालीला कासोटा घालून दाखवायला सांगायचो. धोतरवाल्यांचंही तसंच. तू पुतळ्याच्या सपाट पोटावर चाचणी घेशील आणि तिथे सगळं उत्तम टिकेल. टिकणारच, पुतळा कुठे मांडी घालतो?

मे महिन्यातला घाम हा तुझा वेगळा शत्रू. चिकटणारी चकती थंड देशात जितके दिवस राहते तितके दिवस नागपूरच्या उन्हाळ्यात राहील असं गृहीत धरू नकोस. अंगावर तांब्यानं पाणी घेण्याची सवय आहे, त्यात कोळशाची गाळणी भिजली की ती संपली, मग वारा आत कोंडतो, पिशवी फुगते आणि चकती उचकटते. माणूस दिवसाला अर्धा ते दीड लिटर वायू सोडतो. त्यातला वास मुख्यतः गंधकाच्या वायूंचा, ते कोळसा धरतो. मळ अडवलास पण वाऱ्याला वाट ठेवली नाहीस तर साधन पोटावरून उडेल. आणि वाट देताना आवाजाचा विचार कर. वास झाकता येतो, पण शांत वर्गात झालेला आवाज माणूस जन्मभर विसरत नाही.

खाण्याचंही आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ खाणाऱ्याचा मळ मांस-पाव खाणाऱ्यापेक्षा भरपूर असतो, आणि कडधान्यांनी वारा वाढतो. तिकडच्या ताटावर बेतलेला साठा इकडे पुरणार नाही. म्हणून चाचणीलाही इकडचंच वापर. मळाची सात प्रकारांत विभागणी करणारं ब्रिस्टलचं कोष्टक तुला माहीत असेलच. त्यातल्या प्रत्येक प्रकाराला जुळेल असं काहीतरी स्वयंपाकघरात सापडतं. घट्ट पिठलं, सैल पिठलं, भिजवलेला इसबगोल, त्यात थोडा कोंडा. ३७ अंशांपर्यंत गरम करून घाल, गार घालून उपयोग नाही. चिकटवायचे पदार्थ ऊब लागली की वेगळे वागतात. ताई ओरडेल, पण तिचं जुनं पातेलं या कामाला कायमचं मागून घे.

आणि स्वतः लावून बघ. पोटावर चकती चिकटव, पिशवीत कोमट पिठलं भर, साडी नेस आणि गर्दीच्या वेळी लोकलनं जा. रात्री त्याच्यासकट झोप. आम्ही नर्सिंगच्या मुलींना हे करायला लावायचो. दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रश्न बदललेले असायचे.

कातडीला मात्र सगळ्यांत जास्त जप. साधन कितीही हुशार असलं तरी खालची कातडी सोलली की रुग्ण ते फेकून देतो. तुला गंमत सांगते. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडला रूपर्ट टर्नबुल नावाच्या सर्जननी कातडीच्या संरक्षणासाठी कराया डिंक वापरायला सुरुवात केली आणि स्टोमाच्या शुश्रूषेचं चित्रच पालटलं. हा डिंक कुठला, तर आपल्या कांडोळाचा. सातपुड्यात, विदर्भात पांढऱ्या सालीचं जे झाड रात्री चमकतं म्हणून भुताचं झाड म्हणतात, ते. पुढे पेक्टिन, जिलेटिन वगैरेंच्या चकत्या आल्या आणि कराया मागे पडला. याच टर्नबुलनी १९५८ मध्ये आपल्या एका रुग्णाला, नॉर्मा गिल यांना, इतर रुग्णांना शिकवायच्या कामावर घेतलं. त्यांना स्वतःलाच इलिओस्टॉमी होती. आमच्या पेशातल्या त्या पहिल्या.

पिशवीचा जन्मही असाच घरातून झालेला. डेन्मार्कच्या नर्स एलिसे सोरेन्सन यांच्या बहिणीला, थोराला, कोलोस्टॉमी झाली. ती घराबाहेर पडायलाच तयार होईना. १९५४ मध्ये एलिसेंनी चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली आणि प्लास्टिकचा कारखाना असलेल्या लुई-हॅन्सन यांच्याकडे गेल्या. त्यांनी आधी नाहीच म्हटलं. त्यांची बायको योहाना स्वतः नर्स होती, तिनं त्यांना तयार केलं. पुढे १९५७ मध्ये त्यातून कोलोप्लास्ट कंपनी उभी राहिली. इंजिनिअरांच्या खोलीत एखादी नर्स बसवून घे, एवढंच यातून घे.

आपल्याकडे मदत मिळते, पण मागावी लागते. आयआयटी मुंबईत २०१४ पासून बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे, राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून उभं राहिलेलं. पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतही त्याच्या शाखा निघाल्या. दिल्लीत एम्स आणि आयआयटीच्या बायोडिझाइनमधून बाहेर पडलेल्या मुलांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचा मळ सुखरूप वाहून नेणारं 'कोरा' हे साधन केलं. ती मुलं आधी वॉर्डात जाऊन बसली होती, म्हणून ते झालं. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, टाटा मेमोरिअलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. तिथे जा, पण नमुना घेऊन जाऊ नकोस. पहिल्यांदा नुसतं ऐकायला जा.

कागदपत्रांचा कंटाळा करू नकोस. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यात ए ते डी असे जोखमीचे चार वर्ग. पोटावर चिकटणारी वस्तू आणि आतड्यात शिरणारी वस्तू यांच्या कागदात खूप फरक पडतो, म्हणून काहीही आत घालायच्या आधी दोनदा विचार कर. कातडीला आणि आतड्याला लागणाऱ्या प्रत्येक मटेरियलची जैवसुसंगतता तपासून घे. माणसावर लावायच्या आधी नैतिकता समितीची परवानगी, आणि रुग्णाची संमती त्याच्या भाषेत. मराठी संमतीपत्र ताईला वाचून दाखव. तिला कळलं तर ठेव.

किमतीचं बोलायला कुणी बसत नाही, म्हणून मी बोलते. दिवसाला एक-दोन प्लग लागत असतील तर महिन्याला किती झाले, ते रुग्ण तुझ्या आधी मोजतो. "एकदाच वापरा" असं छापलेली पिशवी आपल्याकडे धुऊन, वाळवून पुन्हा लावतात. पिशवीच्या खालच्या तोंडाची क्लिप हरवली की रबरबँड. त्यांना बोल लावू नकोस. ते असं करणारच हे धरून चाल. तुझी वस्तू धुऊन वापरली तरी धोका होऊ नये अशी कर, नाहीतर एकदा वापरल्यावर पुन्हा घालताच येणार नाही अशी कर. अधलंमधलं ठेवलंस तर कुणाच्या तरी आतड्यात जंतू जातील. आणि वापरलेली वस्तू कुठे जाणार ते ठरव. संडासात टाकली तर तुंबेल. कचऱ्यात टाकायची तर न दिसेल, न वास येईल असं वेष्टन तूच दे. दुकानातला काळा कागद शोधत फिरायची वेळ कुणा बाईवर येऊ नये.

शेवटचं. साधन कितीही जमलं तरी एखाद्या दिवशी आतडं त्याचं ऐकणार नाही. पोट बिघडेल, प्रवास लांबेल, औषध बदलेल. तुझ्या डब्यात प्लग असो, टोपी असो की आणखी काही, त्याच्या शेजारी एक साधी पिशवी घाल आणि तिचे पैसे वेगळे लावू नकोस. ती लागतेच.